खेळातला मुलगा-मुलगी भेद वर्गात शिकवताय? या चुका टाळा

नवीन शिक्षकांचा फळ्यावरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘मुली फुटबॉल खेळू शकतात का?’ घोळ तिथूनच सुरू होतो. ज्या पोरांच्या डोक्यात ही शंका कधी आलीच नव्हती, त्यांना आपण ती आयती पुरवतो. मी खेळांची चित्रं मांडते आणि ‘यातलं काय खेळून बघायचंय?’ एवढंच विचारते. उत्तर चिठ्ठीवर, नाव न घालता. हात वर करायला सांगितलं की सगळे आधी मित्राकडे बघतात.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. ‘मुली कमी नाहीत’ हे चौथीच्या वर्गाला पटवायला मी रिले शर्यत लावली. एकीकडे सगळे मुलगे, दुसरीकडे सगळ्या मुली. या वयात दोघांच्या वेगात फारसा फरक नसतो, तो वयात येताना वाढतो, आणि वर्गातली सगळ्यात वेगवान पोर मुलगीच होती. त्यामुळे मी निश्चिंत. तिसऱ्या टप्प्यावर एकीच्या हातून बॅटन निसटलं, आणि पुढे महिनाभर ‘यांना बॅटनपण धरता येत नाही’ हे ऐकावं लागलं. मुलग्याच्या हातून निसटलं असतं तर तो त्या एकट्याचा वेंधळेपणा ठरला असता. मुलीच्या हातून निसटलं, म्हणून सगळ्याच मुलींच्या माथी बसलं. बरं, मुली जिंकल्या असत्या तरी ‘मुलींकडून हरलात?’ झालंच असतं, आणि विचारणाऱ्यांत मोठी माणसंही असती.

तेव्हापासून माझ्या वर्गात संघ जन्मतारखेवरून पडतात. सम तारीख इकडे, विषम तिकडे. आणि धावण्यात प्रत्येकाची स्पर्धा स्वतःच्या मागच्या वेळेशी. वहीत आकडे लिहायचे, बस. झटपट निकाल हवा असलेल्यांना हे कंटाळवाणं वाटतं. वाटू दे.

प्रसिद्ध महिला खेळाडूंचं पोस्टर लावून मोकळं होणं हीसुद्धा पळवाटच. मुलं ते बघून विसरतात. त्यापेक्षा त्यांना कोड्यात टाका. एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये पहिलं द्विशतक कोणाचं? वर्ग एका सुरात ‘सचिन!’ म्हणतो. सचिनचं 2010 मधलं. ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने 1997 मध्येच नाबाद 229 केल्या होत्या. क्रिकेटचा पहिला विश्वचषकही महिलांचा, 1973 चा. पुरुषांचा 1975 मध्ये आला. पण इथेही थांबू नका, नाहीतर ती नुसती सामान्यज्ञानाची तासिका होते. खरी चर्चा पेटते ती बंदीवर. 1920 साली लिव्हरपूलमध्ये महिलांचा फुटबॉल सामना बघायला सुमारे 53,000 लोक आले होते. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांची मैदानं महिलांना बंद केली आणि जवळपास पन्नास वर्षं बंदच ठेवली. हे ऐकून एक पोरगा म्हणाला, ‘मग त्यांना येत नव्हतं असं कसं म्हणतात? खेळूच दिलं नाही ना!’ माझं अर्धं काम त्याने केलं.

मुलग्यांना विसरणं ही सर्रास होणारी चूक. फुटबॉल खेळणाऱ्या मुलीचं कौतुक होतं. दोरीच्या उड्या आवडणाऱ्या मुलग्याला मात्र हसतात, आणि बाई गप्प. बॉक्सर रोज दोरीवर घाम गाळतात, हे सांगून तो प्रश्न तेवढ्यापुरता सुटतो. पण मला ते उत्तरही पूर्ण पटत नाही. दोरी आवडायला बॉक्सरचा दाखला कशाला लागावा? कलात्मक जलतरणात, म्हणजे संगीताच्या तालावर पाण्यात करायच्या कसरतींत, पुरुषांना ऑलिंपिकचं दार उघडलं थेट 2024 मध्ये, आणि तिथे एकाही पुरुषाची निवड झाली नाही. हे मी मुलांना सांगते आणि ‘का झालं असेल?’ विचारून गप्प बसते.

बाकीच्या चुका पटकन सांगते. ‘दोन दणकट मुलगे या, गोलपोस्ट उचला’ म्हणू नका. ‘मुलीसारखा काय फेकतोस’ हे मैदानावर स्वतःच्या तोंडून निघतंय का, ते सहकाऱ्याला ऐकायला सांगा. गुण मोजण्याचं काम दर वेळी मुलींकडे देऊ नका. आणि एका तासिकेत भेद संपवायला निघू नका.

शेवटी लेखी परीक्षा तर घेऊच नका. ‘सर्व खेळ सर्वांचे’ हे वाक्य पोरं सुवाच्य अक्षरात लिहून देतात. मी तीन आठवड्यांनी मधल्या सुट्टीत वरच्या खिडकीत उभी राहते आणि मैदानाच्या मधोमध कोण आहे, कडेला भिंतीला टेकून कोण उभं आहे, हे मोजते.