'एड फॉर ट्रेड'मध्ये यायचंय? आधी खिडकीवर बसा

"एड फॉर ट्रेडमध्ये काम करायचंय, कुठली डिग्री घेऊ?" असं महिन्यातून एखादा तरी विचारतो. मी न्हावा शेव्याच्या बंदरात एका सीएचएकडे, म्हणजे कस्टमची कामं करून देणाऱ्या एजंटाकडे, चार वर्षं बिल ऑफ एंट्री (आयात मालाचा कस्टमचा अर्ज) भरत होतो. डिग्री नंतर घेतली. दोन्हींत जास्त उपयोगी काय पडलं, ते वाचून ठरवा.

श्रीमंत देशांनी जकात काढली तरी गरीब देशाचा माल निघतोच असं नाही. रस्ता, प्रयोगशाळा, कस्टमची पद्धत, काहीतरी नडतं. ते सुधारायला दिलेली मदत म्हणजे एड फॉर ट्रेड. २००५ साली जागतिक व्यापार संघटनेच्या हाँगकाँग परिषदेत या उपक्रमाला सुरुवात झाली. बाकी व्याख्या नेटवर मिळतील.

माझं पहिलं काम बुसियाला, केनिया-युगांडा सीमेवर. पूर्वी तिथे ट्रक दोनदा थांबायचा, अलीकडे आणि पलीकडे. ब्रिटनच्या मदतीतून 'वन स्टॉप बॉर्डर पोस्ट' झालं, २०१८ मध्ये दोन्ही राष्ट्राध्यक्षांनी त्याचं उद्घाटन केलं. आता ट्रक सरळ पलीकडे जातो आणि एकदाच थांबतो. दोन्ही देशांचे अधिकारी एकाच छताखाली बसतात. इमारत काय, पैसे आले की उभी राहते. पण केनियाच्या अधिकाऱ्याने युगांडाच्या जमिनीवर बसून शिक्का मारायचा तर कुठल्या अधिकाराने? त्यासाठी पूर्व आफ्रिकी समुदायाला (केनिया, युगांडा आणि शेजारी देशांचा गट) वेगळा कायदा करावा लागला. मुलाखतीत इमारतीवर सगळेच बोलतात, तुम्ही यावर बोला.

माझी फजिती झाली ती छोट्या व्यापाऱ्यांपुढे. समुदायातल्या देशांत तयार झालेला, ठरावीक यादीतला, दोन हजार डॉलरपर्यंतचा माल असेल तर सीमेवरच एक साधं प्रमाणपत्र मिळतं आणि जकात माफ होते. मी झोकात पत्रक काढलं, 'हा कागद घ्या, काही भरू नका.' तिसऱ्या दिवशी सायकलवर घेवड्याची पोती लादून आलेल्या एका बाईंनी ते पत्रक माझ्या टेबलावर आपटलं. जकात माफ झाली होती, पण पुढच्या खिडकीवर 'फायटो' मागितला होता. आपले द्राक्षवाले म्हणतात तोच, मालाला कीड-रोग नसल्याचा दाखला. तो वेगळा काढावा लागतो, इतर करही या कागदाने सुटत नाहीत. न्हावा शेव्याच्या कुठल्याही पोऱ्याने मला हे सांगितलं असतं! बाई म्हणाल्या, "मग पान्याच बरी." पान्या म्हणजे स्वाहिलीत उंदीर. चेकपोस्ट चुकवून जाणाऱ्या चोरवाटांना तिकडे उंदरांच्या वाटा म्हणतात.

पत्रक नव्याने काढलं, स्वाहिलीत. कुठल्या खिडकीवर काय लागतं आणि किती पैसे, एवढंच.

शिकायचं असेल तर अंकटाडचं (संयुक्त राष्ट्रांची व्यापार-विकास संस्था) 'असायकुडा' हे कस्टमचं सॉफ्टवेअर बघून ठेवा, शंभराहून जास्त देश-प्रदेशांत चालतं. पश्चिम आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत जायचं तर फ्रेंचला पर्याय नाही. नोकऱ्या बहुतेक कंत्राटी असतात, प्रकल्प संपला की तुम्हीही मोकळे. यंत्रांचंही तेच होतं. मदतीतून आलेलं तपासणीचं यंत्र मी एका प्रयोगशाळेत चादरीखाली झाकलेलं पाहिलंय. रसायनं संपली होती, आणि नव्या रसायनांसाठी बजेटमध्ये पैसेच धरलेले नव्हते.

आणि सीव्हीबद्दल. सीएचएची नोकरी मी लाजून दोन ओळींत उरकली होती. मुलाखतीचा अर्धा तास त्या दोन ओळींवरच गेला.