धार लावताना सुरीला गंज चढू नये म्हणून

रत्नागिरीत आमच्या घरी सुरमई कापायला जपानी देबा (मासे कापायची जाड पात्याची सुरी) आहे, शिरोगामी या जपानी कार्बन पोलादाची. धार अशी लागते की बघत राहावं. पण या पोलादात क्रोमियम नसल्यातच जमा (स्टेनलेसमध्ये किमान १०.५ टक्के तरी असतं), त्यामुळे दगडावर घासता घासताच पातं तांबूस व्हायला लागतं. पावसाळ्यात तर फारच लवकर.

पहिली गोष्ट पाण्याची. खाडीजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ असतं आणि मिठाने गंज झपाट्याने वाढतो. म्हणून धारेसाठी पिण्याचंच पाणी घ्या. लिटरभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा विरघळवा. पाणी अल्कधर्मी झालं की गंज मंदावतो. धुण्याचा सोडा जास्त प्रभावी, पण हातांना झोंबतो. काम झालं की दगड साध्या पाण्याने धुवा. काही दगड भिजत ठेवले की तडकतात, तेव्हा दगडासोबतची सूचना आधी वाचा.

घासताना दर दोन-तीन मिनिटांनी पातं कोरडं पुसा. त्यासाठी जुना सुती पंचा उत्तम. दगडावरचा काळा गाळ धारेला उपयोगी असतो, पण तोच पात्यावर ओला राहिला की खाली डाग पडतो. १००० नंबरच्या भरड दगडावरून ३००० च्या बारीक दगडावर जातानाही आधी पुसायचं, मग दगड बदलायचा. चहा प्यायला उठायचं असेल तर सुरी कोरडी करूनच उठा. देबाची मागची बाजू किंचित खोलगट असते. तिथे थेंब हमखास राहतो, म्हणून बोटाने पंचा दाबून पुसा.

शेवटी सुरी धुऊन पात्यावर उकळतं पाणी ओता, मुठीवर नाही. तापलेल्या पात्यावरचं पाणी पटकन उडून जातं आणि १०० अंशांनी पोलादाचं पाणी (म्हणजे कठीणपणा) उतरत नाही. मूठ ओली झाली तर मुठीत शिरलेलं पात्याचं टोक आतल्या आत गंजतं, बाहेरून कळतही नाही. मग खाद्य दर्जाच्या मिनरल ऑइलचा पुसट हात फिरवा. जवसाचं तेल नको, ते चिकट होतं. आणि हे तेल धार लावून झाल्यावरच. आधी लावलं तर दगडाची छिद्रं बुजतात.

निळसर-काळपट झाक आली तर घासून काढू नका, ती पात्याला राखते. तांबडा ठिपका मात्र त्याच दिवशी सोड्याच्या घट्ट लेपाने, बाटलीच्या बुचाने घासून काढा.