मेम्ब्रेन लिपिड काढताय? या चुका टाळा

जिवाणू आपल्या मेम्ब्रेनमधल्या, म्हणजे पेशीपटलातल्या, लिपिडांना काही ना काही जोडत असतात. कुठे लायसिन, कुठे फॉस्फोइथेनॉलअमीन, तर कुठे नुसता एक कार्बन. आपण तो बदल शोधायला बसतो आणि धुता-उकळताना तोच घालवून टाकतो. वर 'म्युटंट सापडला' म्हणून पेढ्यांची तयारी.

माझा सगळ्यात जुना राग ट्रिस बफरवर (पीएच स्थिर ठेवणारं, सहसा अल्कधर्मी द्रावण). म्हणजे बफरवर नाही, तो हाताला लागला म्हणून वापरणाऱ्यांवर. स्टॅफिलोकॉकस ऑरियसमध्ये एमपीआरएफ नावाचं एन्झाइम फॉस्फॅटिडिलग्लिसरॉलला, म्हणजे पीजीला, लायसिन जोडतं. ऋण भार कमी होतो आणि धन भाराची सूक्ष्मजीवनाशक पेप्टाइड्स पेशीला नीट चिकटत नाहीत. पण हे लायसिन एस्टर बंधाने लटकलेलं असतं, आणि अल्कलीत तो बंध तुटतो.

एका ज्युनियरने टीएलसी प्लेट (लिपिडं वेगळी करून ठिपक्यांत दाखवणारी पट्टी) आणून दाखवली. निनहायड्रिन (अमाइन असलेल्या लिपिडांना जांभळं करणारं रसायन) मारल्यावर कंट्रोल स्ट्रेनचा जांभळा ठिपका ठसठशीत, त्याच्या स्ट्रेनच्या जागी काहीच नाही. असाच रंग देणारं फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमीन स्टॅफमध्ये नसतं, त्यामुळे तो ठिपका लायसिन जोडलेल्या पीजीचाच, म्हणजे लायसिल-पीजीचाच. 'जीन बिघडलंय' असं ठरवून गडी सिक्वेन्सिंगच्या मागे लागला. दोन महिने गेले, जीन धडधाकट निघालं. शेवटी मी शेजारी बसून त्याचं काम पाहिलं. कंट्रोल स्ट्रेन आमच्याच एकीने त्याच दिवशी अॅसिटेट बफरमध्ये धुऊन काढला होता. याने मात्र पेलेट (सेंट्रिफ्यूजमध्ये तळाला बसलेल्या पेशी) प्रोटीन जेलसाठी ठेवलेल्या 8.8 पीएचच्या ट्रिसमध्ये मिसळून रात्रभर बाकावर ठेवलं होतं. 'लिपिड उद्या काढू' म्हणून! गंमत म्हणजे त्याच प्लेटवर फॉस्फेटचा स्प्रे मारल्यावर पीजीचा ठिपका नेहमीपेक्षा जाड आला होता. लायसिन गळून पडलं की उरतं ते पीजीच. प्लेट ओरडून सांगत होती, पण ऐकणार कोण?

तेव्हापासून मी पीएच 4.5 चं सोडियम अॅसिटेट वापरतो, पेलेट बर्फावर ठेवतो आणि लिपिड त्याच दिवशी काढतो. कंट्रोल त्याच रॅकमध्ये, त्याच हातांनी. बफरचा पीएच कागदाने का होईना, पण दर वेळी तपासतो. माध्यम आम्लधर्मी झालं तर स्टॅफमध्ये लायसिल-पीजीचं प्रमाण वाढतं, म्हणून कल्चरचा पीएचही वहीत लिहा.

दुसरी चूक ई. कोलायची, आणि ती 'ओव्हरनाइट कल्चर आहेच की' या आळसातून येते. वाढ थांबण्याच्या सुमारास सीएफए एन्झाइम असंतृप्त मेदाम्लांच्या दुहेरी बंधावर एस-अॅडेनोसिल मेथायोनिनकडून घेतलेला एक कार्बन बसवतं आणि सायक्लोप्रोपेनचं कडं तयार होतं. 16:1 आणि 18:1 (16 आणि 18 कार्बनची, एक दुहेरी बंध असलेली मेदाम्लं) कमी होतात, कडं असलेली सी-17 आणि सी-19 मेदाम्लं वाढतात. रात्रभराच्या कल्चरची तुलना सकाळी 0.5 ओडीला (ओडी म्हणजे गढूळपणाचं माप), वाढ चालू असताना उचललेल्या कल्चरशी केली, तर फरक स्ट्रेनचा नसून घड्याळाचा असतो. त्यातून काही जण मेदाम्लं क्रोमॅटोग्राफीत मोजण्यासाठी त्यांचे मिथाइल एस्टर बनवायला मेथॅनॉलिक हायड्रोक्लोरिक आम्ल घालून गरम करतात. कडं आम्लात फुटतं आणि क्रोमॅटोग्रामवर भलतीच पिकं येतात. फॉस्फोलिपिडसाठी मी सोडियम मेथॉक्साइड वापरतो, खोलीच्या तापमानाला. इथे मात्र अल्कली चालते. लायसिल-पीजीसारखं काही राखायचं नाहीये, मेदाम्लंच हवी आहेत.

क्लोरोफॉर्म प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये ओतू नका. पॉलिस्टायरीन विरघळतं आणि बाकीच्या प्लास्टिकातून मिसळणारी घाण मास स्पेक्ट्रममध्ये तुमच्या लिपिडाच्या ऐटीत बसते. काचेची नळी घ्या, टोपणाला टेफ्लॉनचं अस्तर हवं.

लिपिडातल्या बदलांमुळे कोलिस्टिन या प्रतिजैविकाला प्रतिरोध येऊ शकतो. तो तपासायला डिस्क (औषध लावलेली कागदी चकती) लावू नका. हे औषध अगारमध्ये नीट पसरत नाही. ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (द्रव माध्यमात औषध पायरीपायरीने पातळ करून वाढ पाहणं) करा, आणि त्यात कोलिस्टिन सल्फेटच वापरा, मेथेनसल्फोनेट नाही.

लिपिड-ए (ई. कोलायसारख्या जिवाणूंच्या बाहेरच्या मेम्ब्रेनमधलं लिपिड, कोलिस्टिन यालाच चिकटतं) काढताना 1 टक्का अॅसिटिक आम्लात 100 अंशांवर उकळण्याचा शॉर्टकट आहे, मला तो अजिबात आवडत नाही. त्यात 1 क्रमांकाचं फॉस्फेट गळतं, आणि ईपीटीए एन्झाइम फॉस्फोइथेनॉलअमीन बहुधा तिथेच बसवतं. मग मास स्पेक्ट्रममध्ये 1796 वस्तुमानाच्या जागी 1716 चं पीक येतं, बदललेल्या लिपिडचं 1919 दिसतच नाही आणि 'बदल नाही' असा अहवाल निघतो. एसडीएस हे डिटर्जंट घातलेल्या 4.5 पीएचच्या अॅसिटेटमध्ये वेळ जास्त जातो. जाऊ द्या. तेवढ्यात चहा होतो.