बेळगावात घर बघताना या चुका टाळा

खानापूर, निपाणी, चंदगडकडची माणसं मुलांच्या शाळेसाठी बेळगावात बिऱ्हाड आणतात ते बहुतेक मे महिन्यात. आम्हीही तसंच केलं. शहापूरच्या खालच्या अंगाला मोठं, हवेशीर घर मिळालं, टिळकवाडीपेक्षा भाडं बरंच कमी. अंगण कोरडं ठणठणीत. जुलैत त्याच अंगणातून घोटाभर पाणी घरात आलं आणि तांदळाची पोती रात्रीतून पलंगावर चढवावी लागली.

बळ्ळारी नाला फुगला की शहापूर, वडगाव, येळ्ळूर रस्त्याकडची शिवारं पाण्याखाली जातात, हे तिथल्या कुठल्याही शेतकऱ्यानं सांगितलं असतं. आम्ही विचारलंच नाही. त्यामुळे घर भर पावसात बघा. जमत नसेल तर भिंतीचा खालचा हातभर भाग नीट न्याहाळा. तेवढ्याच भागाला नवा रंग दिसला तर तो का दिला, ते विचारा. आणि मालकाला नव्हे, शेजारच्या आजींना विचारा, 2019 च्या ऑगस्टात पाणी कुठवर आलं होतं?

दुसरी चूक म्हणजे नुसतं भाडं ताडून बघणं. समजा, हिंडलग्याकडे 7,000 आणि अनगोळात 9,500 भाडं आहे, नोकरी उद्यमबागेत. हिंडलग्याहून रोज जाऊन-येऊन वीस किलोमीटर धरा. 26 दिवसांचे 520 किलोमीटर झाले, म्हणजे पेट्रोलचेच बाराशेच्या आसपास. त्यात दोन मुलांची शाळेची रिक्षा आली की वाचलेले अडीच हजार कुठल्या कुठे जातात. अंतर नकाशावर मोजू नका. सकाळी साडेनऊला स्वतः गाडी काढा आणि टिळकवाडीतलं रेल्वे गेट पडलं की किती वेळ थांबावं लागतं ते बघा.

पाण्याचंही तसंच. राकसकोप आणि हिडकलचं पाणी शहराला येतं, पण सगळ्या गल्ल्यांना सारखं मिळत नाही. काही भागांत चोवीस तास, काही ठिकाणी काही दिवसांआड. नळ किती दिवसांनी येतो, टाकी केवढी, एप्रिलमध्ये बोअर टिकतं का, टँकरचे पैसे कोण देतं, हे डिपॉझिट देण्याआधी बोलून घ्या. जुन्या घरात विहीर असेल तर ती मोठीच सोय समजा.

घर विकत घेणाऱ्यांबद्दल मला खरी काळजी वाटते. पंचायत हद्दीत गुंठ्यानं स्वस्त प्लॉट दाखवतात, एनए म्हणजे बिगरशेती परवानगी नसते, बुडाची (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची) मंजुरी नसते आणि व्यवहार नुसत्या बॉण्डवर, म्हणजे स्टॅम्पपेपरवर होतो. आयुष्याची कमाई अशा कागदावर लावू नका. बॉण्डनं मालकी मिळत नाही, खरेदीखत सब-रजिस्ट्रारकडे नोंदवावंच लागतं. ई-खाता, म्हणजे मालमत्तेचा ऑनलाइन खाते उतारा मागा, मागच्या तीस वर्षांची ईसी, म्हणजे मालमत्तेवरच्या बोजाचा आणि नोंदलेल्या व्यवहारांचा दाखला काढा. कागद कन्नडमध्ये असतात. वाचता येत नसेल तर एजंटाच्या तोंडी भाषांतरावर सही करू नका, आपल्या ओळखीच्या वकिलाकडून ओळ न् ओळ वाचून घ्या. खर्चाचा अंदाज बांधताना हेही धरा, की 31 ऑगस्ट 2025 पासून नोंदणी फी एक टक्क्याची दोन टक्के झाली आहे आणि मुद्रांक शुल्क वेगळं.

चंदगड, कोल्हापूरकडून येणाऱ्यांचा एक खर्च हमखास राहून जातो. एमएच पासिंगची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवायची असेल तर केए नंबर घ्यावा लागतो, कर्नाटकचा टॅक्सही भरावा लागतो. निघण्याआधीच जुन्या आरटीओकडून एनओसी घेऊन ठेवा.