पुण्यातील घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत शिंपला सांभाळताना

मासळी बाजारात वाट्याने मिळणाऱ्या तिसऱ्या, म्हणजे खाण्याचे छोटे शिंपले, घरच्या टाकीत सोडू नयेत. खाडीच्या गाळात राहून पाण्यातील सूक्ष्म अन्न गाळून खाणारा तो जीव स्वच्छ टाकीत उपाशी मरतो, आणि सडताना सुटणाऱ्या अमोनियामुळे इतरांचेही प्राण जातात. टाकीसाठी ट्रायडॅक्ना या महाकाय शिंपल्यांच्या गटातील शिंपला घ्यावा, कारण त्याच्या प्रावारात, म्हणजे कवचाबाहेर पसरणाऱ्या रंगीत मांसल पडद्यात, राहणारी शैवाले प्रकाशावर अन्न तयार करून त्याला पुरवतात. नवख्याने त्यातील काटक अशी डेरासा ही जात निवडावी. याच गटातील मॅक्सिमा आणि स्क्वामोसा या जातींना आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. समुद्रातून काढलेला शिंपला घेऊ नये, आणि संवर्धित शिंपल्याचीही आयातीची कागदपत्रे पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये.

टाकी किमान सहा महिने स्थिरावलेली असावी. पुण्यात खरी अडचण पाण्याची आहे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, आणि उन्हाळ्यात सोसायटीच्या टाकीत टँकरचे किंवा बोअरचे पाणी आले की त्याचा जडपणा एका दिवसात बदलतो. म्हणून आरओ-डीआय यंत्रातून (पाण्यातील जवळजवळ सगळे क्षार काढणाऱ्या गाळणीतून) काढलेल्या, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार शून्य दाखवणाऱ्या पाण्यातच समुद्री मीठ मिसळावे. विशिष्ट गुरुत्व (खारटपणाचे माप) १.०२५ ते १.०२६, तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस, क्षारता (खारटपणा नव्हे, तर पाण्यातील कार्बोनेटचे प्रमाण; एकक डीकेएच) ८ ते ९ डीकेएच आणि कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) ठेवावे. वाढता शिंपला कवचासाठी कॅल्शियम आणि क्षारता सतत खेचून घेतो, त्यामुळे दर आठवड्याला तपासणी करावी. नायट्रेट मात्र पूर्ण शून्यावर आणू नये, कारण शैवालांना नायट्रोजन लागतो. माशांसाठीचे तांबेयुक्त औषध या टाकीत कधीही घालू नये.

एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पाण्यावर लावलेला छोटा पंखा तापमान चांगले उतरवतो, पावसाळ्यात त्याचा उपयोग फारसा राहत नाही. पंख्यामुळे उडालेल्या पाण्याची भरपाई रोज बिनमिठाच्या आरओ पाण्याने करावी. माझा पहिला शिंपला मी याच चुकीने गमावला: मे महिन्यात चार दिवस गावी गेलो, पंखा चालूच राहिला, परतलो तेव्हा पाण्याची पातळी चार बोटे उतरून खारटपणा वाढला होता, आणि वरून हात फिरवला तरी शिंपला मिटत नव्हता.

डेरासा वाळूवर, चांगल्या उजेडात ठेवावा आणि त्याखाली चपटा दगड द्यावा. तळाच्या तंतूंनी तो दगडाला धरून बसतो. जागा बदलायची झाल्यास दगडासकट उचलावा, ओढून काढू नये, कारण तंतूंच्या मुळाशी असलेली ग्रंथी फाटली तर तो बहुधा वाचत नाही. पंपाचा झोत थेट प्रावारावर येऊ देऊ नये.

निरोगी शिंपला सावली पडताच आखडतो आणि कवचाच्या वरच्या कडेला नव्या वाढीची पांढरी शुभ्र रेघ दिसते. ही रेघ दिसेनाशी झाली, तर आधी क्षारता तपासावी, मग रात्री टाकीचे दिवे बंद झाल्यावर टॉर्च घेऊन कवचाचे काठ आणि तळ पाहावेत: तांदळाच्या कणीएवढ्या पांढऱ्या परजीवी गोगलगाई रात्रीच वर येतात. त्या दिसल्यास शिंपला अलगद बाहेर काढून कवच मऊ ब्रशने घासावे, आणि काही आठवडे दर तीन-चार दिवसांनी तसेच करावे, कारण त्यांची अंडी कवचाच्या खाचांत चिकटून राहिलेली असतात.