कांद्याच्या एकाच पेशीत रससंकोच कसा पाहावा

खाऱ्या पाण्यात पेशीतले पाणी बाहेर पडून आतला भाग पेशीभित्तिकेपासून, म्हणजे पेशीच्या बाहेरच्या ताठ भिंतीपासून, सुटून आकसतो, त्याला रससंकोच म्हणतात. या भिंतीच्या आतले पातळ पेशीपटल पाण्याला वाट देते आणि मिठाला अडवते, हे त्यातून प्रत्यक्ष पाहण्यासाठी लाल कांदा, मीठ आणि साधा संयुक्त सूक्ष्मदर्शक पुरेसा आहे. पटल स्वतः मात्र दिसणार नाही. त्याची जाडी सुमारे 7 ते 8 नॅनोमीटर असते, तर प्रकाश-सूक्ष्मदर्शकाला साधारण 200 नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत. दिसते ती रिक्तिकेतील, म्हणजे पेशीतल्या रसाने भरलेल्या पिशवीतील, रंगीत रसाची सरकणारी कड. म्हणूनच पाकळीच्या आतल्या बाजूचा, सहज सुटणारा पापुद्रा घ्या हा सर्रास दिला जाणारा सल्ला येथे निरुपयोगी आहे, कारण तो रंगहीन असतो. बाहेरच्या फुगीर बाजूचा जांभळा पापुद्राच घ्यावा.

पापुद्रा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरून आच्छादन काच ठेवावी आणि 10 पट वस्तुभिंगाखाली रंगाने काठोकाठ भरलेली पेशी शोधावी. फाटलेल्या कडेच्या पेशी बहुधा मेलेल्या असतात. तेथून काही ओळी आत यावे.

आता खरा कस लागतो. एक पापुद्रा पाण्यात आणि दुसरा मिठाच्या पाण्यात ठेवून दोन्हींची तुलना करण्याची पद्धत मला मुळीच मान्य नाही, कारण त्यात कोणतीही पेशी आकसताना दिसत नाही, फक्त दोन वेगवेगळ्या पेशी दिसतात. द्रावण बदलत असताना तीच पेशी नजरेसमोर राहिली पाहिजे.

त्यासाठी 100 मिलिलिटर पाण्यात 5 ग्रॅम मीठ विरघळवावे. आच्छादन काचेच्या एका कडेला या द्रावणाचा एकच थेंब सोडून समोरच्या कडेला टिपकागदाचे टोक टेकवावे, म्हणजे जुने पाणी शोषले जाऊन द्रावण काचेखालून पुढे सरकते. मी सर्वाधिक पापुद्रे याच टप्प्यावर गमावले आहेत. थेंब मोठा झाला की काच तरंगते आणि पेशी दृष्टिक्षेत्राबाहेर जाते. टिपकागद जास्त वेळ राहिला की पापुद्रा कोरडा पडतो. म्हणून डोळा सूक्ष्मदर्शकावरून न हलवता, थेंब आणि टिपकागद दुसऱ्या व्यक्तीच्या हाती द्यावेत. मिठाचे संपृक्त द्रावण कोणी सुचवले तरी वापरू नये. आकसणे झटपट दिसते, पण पेशी मरण्याची शक्यता वाढते. 40 पट भिंगही या वेळी टाळावे, कारण ते काचेच्या इतके जवळ येते की त्याला खारे पाणी लागते.

काही मिनिटांत जांभळा रस पेशीभित्तिकेपासून सुटून आत आकसतो. पाण्याचे रेणू पटलातील मेदाच्या दुहेरी थरातून आणि विशेषतः त्यातील ॲक्वापोरिन या प्रथिनांच्या मार्गिकांमधून बाहेर पडतात. सोडियम आणि क्लोराइड हे प्रभारित आयन मात्र मेदाचा थर सहज ओलांडू शकत नाहीत. भित्तिका आणि आकसलेले पटल यांच्यामधली जागा अनेक आकृत्यांत रिकामी दाखवतात, ते चूक आहे. भित्तिका मिठाला अडवत नसल्यामुळे तेथे बाहेरचेच खारे पाणी भरलेले असते.

पुढे त्याच रीतीने आधी निम्म्या तीव्रतेचे द्रावण आणि मग साधे पाणी सोडावे. एकदम साधे पाणी सोडल्यास पाणी वेगाने आत शिरून पटल फाटू शकते. जिवंत पेशी पुन्हा काठोकाठ भरते.

शेवटी दुसरा पापुद्रा उकळत्या पाण्यात बुडवून तपासावा. त्यातील रंग बाहेर पाझरतो आणि खारे पाणी सोडले तरी रससंकोच होत नाही, कारण मीठ अडवून धरणारे अखंड पटलच त्यात उरलेले नसते.