ग्लायडरच्या कॅनॉपीखाली ऊन लागू नये म्हणून

हडपसरला एप्रिलच्या दुपारी ग्लायडर (बिनइंजिनाचं विमान) उड्डाणाच्या रांगेत उभा राहिला, की कॅनॉपीखाली, म्हणजे पायलटच्या डोक्यावरच्या पारदर्शक अ‍ॅक्रिलिक झाकणाखाली, नुसती भट्टी होते. त्यावर उपाय:

१. कॅनॉपीवर पांढरं, मऊ सुती आवरण घाला. बसायच्या वेळीच काढा. आवरण घालण्याआधी धूळ भरपूर पाण्याने उतरवा, नाहीतर अ‍ॅक्रिलिकवर चरे पडतात.

२. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. मान-कानांना सनस्क्रीन लावा आणि बोटं पुसूनच कॅनॉपीला हात लावा.

३. टोपी मऊ, माथ्यावर बटण नसलेली. हिसक्याने डोकं वर आपटलं तर बटणाने टाळूला इजा होते, कॅनॉपीलाही तडा जाऊ शकतो.

वारा लागावा म्हणून कॅनॉपी उघडी टाकून जाऊ नका. तिचा बाक भिंगासारखा ऊन एकवटतो. सीटची गादी जळू शकते.